तलवारीच्या धारेपासून तंबोऱ्याच्या तारेपर्यंत



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, गटाच्या ताईंना आज हे काय सुचलं? नेहमी आपण कर्जाचे हप्ते, शिलाई मशीन, शेळीपालन, तुरीची डाळ याबद्दल बोलतो. आज मी बोलणार आहे हाताने वाद्यं बनवणाऱ्या कारागिरांबद्दल. ही गोष्ट मिरजेची आहे. मिरज म्हणजे सांगली जिल्ह्यात, आपल्या यवतमाळपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण तिच्यात भोपळा आहे, लाकूड आहे, लाख आहे, बाईचा आवाज आहे आणि मालाच्या नावाचं भांडणही आहे. म्हणून ती आपल्या कामाची आहे.

आपल्या पोरांना गिटार माहीत आहे. सिनेमात बघतात, मोबाईलवर बघतात. गिटार आणि आपला तंबोरा वरवर पाहता वेगळे वाटतात, पण दोन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं. नुसती तार छेडली तर तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नाही. तीच तार एखाद्या पोकळ भांड्यावरच्या पातळ फळीवर ताणली, की फळी थरथरते, आतली हवा हलते आणि आवाज घरभर होतो. भजनातली एकतारी आठवा. भोपळा, काठी आणि एक तार. तंबोरा म्हणजे त्याच घरातली मोठी, शिकलेली बहीण.

आता इतिहासाकडे येऊ.

मिरजेत शिकलगार समाजाची घरं होती. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांना झळाळी देणारे लोक. तलवारी, भाले, कट्यारी दुरुस्त करणं हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. १८१८ मध्ये पेशवाई संपली. फौजा कमी झाल्या. हळूहळू तलवार भिंतीवर टांगायची वस्तू झाली. भिंतीवरच्या तलवारीला वर्षातून एकदा, दसऱ्याला पुसलं की झालं, तिला धार कोण लावणार? पुढे १८७८ मध्ये इंग्रजांनी हत्यारांचा कायदाच केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. म्हणजे या लोकांच्या हातात कसब पूर्ण होतं, फक्त त्याला गिऱ्हाईक उरलं नाही.

मिरजेत तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. त्यांच्या दरबारात गवई, बजवय्ये येत. त्यांची वाद्यं उत्तरेकडून आलेली असत. वाद्य बिघडलं, फुटलं, तर जवळपास दुरुस्त करणारं कुणी नसे. असं सांगतात, की अशी वाद्यं बारीक हत्यारकाम जाणणाऱ्या शिकलगारांकडे दुरुस्तीला येऊ लागली. त्यांच्यातले फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्य उघडून पाहिलं, त्याची माया समजून घेतली आणि १८५० च्या सुमाराला मिरजेतच सतार आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, १८५३ मध्ये आपला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. साधारण त्याच काळातली ही गोष्ट. पुढे या घराण्यातल्या लोकांचं आडनावच सतारमेकर पडलं. तलवारीला धार लावणाऱ्यांची पुढची पिढी सुरांना धार लावू लागली.

या बदलात एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी जुनं कसब फेकून दिलं नाही. हत्याराला झळाळी देताना नजर लागते, धीर लागतो, केसभर जास्त घासलं तर वस्तू वाया जाते. हीच नजर वाद्याला लागते. त्यांच्या हातात होतं ते तसंच राहिलं, फक्त काय बनवायचं ते बदललं. धंदा बदलायची वेळ आपल्या गटांवरही येते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की आपल्या हाताला आधीपासून काय येतं?

तंबोरा बनतो कसा, ते आता बघू. कारण त्यातच या कारागिरीची खरी किंमत आहे.

सगळ्यात आधी भोपळा. हा आपण भाजीला वापरतो तो नव्हे. दुधी भोपळ्याच्याच जातीचा, पण कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा. आपल्याकडे जुन्या लोकांनी, विशेषतः आदिवासी घरांत, पाण्यासाठी वाळलेला तुंबा वापरलेला तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच मोठा भाऊ. मिरजेला हे भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून येतात. पंढरीच्या वारीला गेलेल्यांना मंगळवेढं माहीत आहे. दामाजीपंतांचं आणि संत कान्होपात्रेचं गाव. तिथला शेतकरी हे पीक घेतो, तो वाद्य वाजवत नसेल, पण प्रत्येक तंबोऱ्याच्या पोटात त्याची शेती आहे. भोपळा महिनोन् महिने वाळवतात. घाईने वाळवला तर तडकतो. मग कापून आतला गर आणि बिया काढतात, आतून साफ करतात, तोंडाचा घेर हवा तसा करतात.

मग लाकूड. मिरजेचे कारागीर तुणीचं लाकूड वापरतात, ते बहुतेक कर्नाटकातल्या जंगलातून येतं. तूण हे आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं झाड. वजनाला हलकं, कोरायला मऊ, वाळल्यावर फार वाकत नाही. त्याचा गाभा मुळातच विटकरी-लालसर असतो. काही वाद्यांना सागही वापरतात. भोपळ्याला वर लाकडी गळा जोडतात, गळ्यातून लांब पोकळ दांडी निघते आणि भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाचं झाकण बसतं. या झाकणाला तबली म्हणतात.

वाद्याचा जीव या तबलीत असतो. ती जाड राहिली तर आवाज दबतो. पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते. कारागीर तिला बोटाने टिचकी मारून ऐकतो, थोडं तासतो, पुन्हा ऐकतो. मडकं घेताना आपण नाही का वाजवून बघत? तसंच.

गिटार बनवणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. लोखंडी तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांची मिळून ओढ ७० किलोच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या दीड पोत्याएवढी. आणि वरची फळी असते दोन-तीन मिलीमीटर. मग तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात. स्पेनमधले अंतोनियो दे तोरेस नावाचे कारागीर, जन्म १८१७ चा, म्हणजे फरीदसाहेबांच्याच काळातले, या पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरून लावत. अमेरिकेत मार्टिन नावाच्या कारखान्याने १८४० च्या दशकात त्या फुलीसारख्या, एकमेकींना छेदून लावल्या. पंख्याची मांडणी वेगळा आवाज देते, फुलीची वेगळा. ही मांडणी बाहेरून कुणाला दिसत नाही, पण ऐकणाऱ्याला कळते. याच तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार अशी केली, की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची होती आणि वरची फळी तेवढी लाकडी. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आपल्या आज्या करायच्या, सालेभर दाळदाणा त्यात राहायचा. त्याच लगद्याची गिटार!

आपल्या मिरजेच्या कारागिरांनी या पेचाचं उत्तर दुसऱ्या तऱ्हेने काढलं. तंबोऱ्याची तबली सपाट नसते, फुगीर असते, पालथ्या परातीसारखी. बाक असल्यामुळे ती ताण सोसते, म्हणून गिटारीसारखं पट्ट्यांचं जाळं लागत नाही. विहिरीच्या कमानीला किंवा जुन्या पुलाला जे बळ येतं, तेच हे.

यानंतर नक्षी आणि रंग. तबलीवर, गळ्यावर पानाफुलांची नक्षी कोरतात. मिरजेच्या तंबोऱ्याचा तो तांबूस, नारिंगी, कधी गडद तपकिरी रंग तुम्ही फोटोत पाहिला असेल. वरची चकाकी लाखेची असते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात फिरवत राहायचं, पातळ पातळ थर चढवत. लाख कुठून येते माहीत आहे ना? पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या इवल्याशा किड्यापासून. पळस तर आपल्या बांधावर आहे. आपल्या पूर्वेला गोंदिया, गडचिरोलीकडे लाखेचं काम होतं. रंगाचा, पॉलिशचा थर जाड झाला तर आवाज कोंडतो, म्हणून इथेही हात हलका लागतो.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम जवारीचं. तारा ज्या छोट्या पाटावरून जातात त्याला घोडी म्हणतात. पूर्वी ती सांबरशिंगाची, हस्तिदंताची किंवा हाडाची करत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिंग आणि हस्तिदंत मागे पडलं. आता हाड, लाकूड किंवा कारखान्यात तयार झालेला कृत्रिम पदार्थ वापरतात. घोडीचा माथा अगदी किंचित उताराचा घासतात. तार त्यावर पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती किंवा रेशमी दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला, की तार नुसती वाजत नाही, भुंग्यासारखी गुंजायला लागते. यालाच जवारी लागली म्हणतात. वाजवून वाजवून घोडी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. जात्याला टाकी लावायला आपल्याकडे बाई यायची, तसंच समजा. जातं तेच, पण टाकी लावल्याशिवाय पीठ सरसरीत पडत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. तंबोरा एकाच मापाचा नसतो. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा.

बाईचा आवाज पुरुषापेक्षा उंच पट्टीत असतो. पेटीवर पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात. बायका पांढरी चार किंवा त्याच्या वरच्या पट्टीत. लांब तार खालचा सूर देते, आखूड तार वरचा. पुरुषांच्या लांब तंबोऱ्याच्या तारा बाईच्या पट्टीला चढवायच्या म्हटल्या तर तुटतील. तशाच खाली ठेवल्या तर बाईला आपला आवाज दाबून गावं लागेल. म्हणून बायकांसाठी वीतभर तरी आखूड दांडीचा, लहान घेराचा, वेगळ्या जाडीच्या तारांचा तंबोरा घडवतात. याला जनानी तंबोरा म्हणतात. दिसायला फक्त लहान वाटतो, पण त्याची सगळी मापं वेगळी काढलेली असतात.

याचा इतिहासाशी काय संबंध? बघा. एक काळ असा होता, की चांगल्या घरातली बाई चारचौघांत गात नसे. जी गायची तिला लोक नावं ठेवायचे. मिरजेत राहिलेले मोठे गवई अब्दुल करीम खाँ, ज्यांचं १९३७ मध्ये निधन झालं आणि ज्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, त्यांची मुलगी म्हणजे हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५ चा, मिरजेचाच. आई ताराबाई माने. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असं करणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्यांचं नाव घेतात. तंबोरा घेऊन मंचावर ताठ बसून गाणारी बाई लोकांनी पाहिली आणि लोकांची नजर हळूहळू बदलली. १९७० मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. दुसरीकडे मिरजेतच गाणं शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून शाळेत आलं. पुढे साध्या घरातल्या मुलीही गाणं शिकू लागल्या. शिकणाऱ्या वाढल्या तसे तंबोरेही हवे झाले.

बाई गायला बसली, तेव्हा तिच्या आवाजाच्या मापाचं वाद्य घडवणारा कारागीर होता, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण आपल्या बहुतेक वस्तू अजून पुरुषाच्या मापाच्याच असतात. फवारणीचा पंप घ्या, तो कुणाच्या पाठीच्या मापाचा आहे? ग्रामसभेची वेळ घ्या, ती कुणाच्या सोयीची असते? बाईला बोल म्हणायचं आणि सूर मात्र पुरुषाचा लावून ठेवायचा, याने बाई बोलत नाही. मग लोक म्हणतात, बायकांना बोलताच येत नाही.

आता आजची स्थिती. १९७९ मध्ये बंगळूरुत विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. आता तर मोबाईलवर फुकट तंबोरा वाजतो. ज्याला रियाजापुरती साथ हवी, तो हजारो रुपयांचं नाजूक वाद्य कशाला घेईल? वाद्य बनवायला महिने जातात, हात तयार व्हायला वर्षं. तेवढा वेळ घालवण्यापेक्षा पोरांना पगाराची नोकरी बरी वाटते. त्यांना दोष कसा देणार? आपल्या घरात तरी वेगळं काय आहे?

तरीही २०२४ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला लोक जीआय टॅग म्हणतात. आपल्या विदर्भात नागपूरच्या संत्र्याला, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला हे मिळालेलं आहे. मिरजेत ४५० च्या वर कारागीर या कामात आहेत आणि महिन्याला ६०–७० सतारी आणि शंभरेक तंबोरे तयार होतात, असं तेव्हा तिथल्या कारागिरांनी सांगितलं होतं. पूर्वी मिरजेत घडलेलं वाद्य दुसऱ्या शहरात दुसऱ्याच दुकानाच्या नावाने विकलं जाऊ शकत होतं. आता दुसरीकडे बनलेल्या वाद्याला मिरजेचं नाव लावता येत नाही.

ही नावाची गोष्ट आपल्याला चांगली कळते. आमच्या एका गटाच्या बायांनी बांबूच्या टोपल्या केल्या. शहरातल्या एका दुकानाने त्या घेतल्या. दोन महिन्यांनी आमची एक ताई दवाखान्याच्या कामाला त्या शहरात गेली, तर टोपली तिथे काचेच्या आड, चौपट भावाने, आणि चिठ्ठीवर फक्त दुकानाचं नाव. ताई परत येऊन एवढंच म्हणाली, "माह्या हातची टोपली मले वळखू आली, पण तिच्यावर मी कुठीच नव्हती."

म्हणून मानांकनाबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. हा कायदा १९९९ चा आहे, २००३ पासून लागू झाला. मानांकन एका माणसाला मिळत नाही, कारागिरांच्या संस्थेला, संघाला मिळतं. म्हणजे एकत्र यावंच लागतं. पण तेवढ्याने काम संपत नाही. प्रत्येक कारागिराने आपलं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळं नोंदवावं लागतं. आणि मानांकन १० वर्षांचं असतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. इथेच बाईने सावध राहायला हवं. घरातून चालणाऱ्या धंद्यात बाईचा हात असतोच. बांबू सोलते ती, माती मळते ती, पण अर्जावर नाव घरधन्याचं जातं. मिरजेच्या इतिहासातही आपल्याला कारागिरांची नावं मिळतात ती पुरुषांचीच. पुढचा इतिहास तरी असा एकांगी लिहिला जाऊ नये.

आपल्या जिल्ह्याकडे बघा. गोंडांच्या देवांच्या, राजांच्या कथा गाणारे प्रधान किंगरी वाजवतात. कोलाम पोडावर ढोल वाजतो. भजनी मंडळात एकतारी, खंजिरी आहे. बुरुडांच्या घरी बांबूचं काम आहे. ही वाद्यं, या वस्तू कुणीतरी करतं. लाकूड कोणतं घ्यायचं, कधी तोडायचं, कातडं कसं ताणायचं, हे कुणाला तरी येतं. फरीदसाहेबांचं नाव पावणेदोनशे वर्षांनी मी तुम्हाला सांगू शकते, कारण ते कुणीतरी लक्षात ठेवलं, लिहून ठेवलं.

तर पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करा. बचतीचा हिशोब झाला, की रजिस्टरचं मागचं कोरं पान काढा. आपल्या गावात हाताने वस्तू करणारे कोण कोण आहेत, ते लिहा. वस्तूचं नाव, करणाऱ्याचं नाव, आणि त्या घरातल्या बाईचं नाव, तिचं काम काय तेही. त्यांना हे कुणी शिकवलं आणि आता त्यांच्याकडून कुणी शिकतंय का, तेही विचारा. ज्या ताईला लिहिता येत नाही तिने सांगावं, जिला येतं तिने लिहावं. ती पानं आपण ग्रामसंघात गोळा करू. कोणत्या कामाला बाजार आहे, कोणतं बुडायला आलंय, हे त्यातूनच आपल्याला दिसेल.

पान लिहायला विसरू नका, बायांनो.